विषय: पायी सहल – ऑल्डवर्थचा ‘द बेल’

नमस्कार मंडळी,

या वेळी बर्कशरमधल्या ऑल्डवर्थला जाऊ या. गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनवर उतरून रिजवेच्या जुन्या वाटेनं टेकडी चढायची आणि ‘द बेल’ गाठायचा. हा पब दोनशेहून अधिक वर्षं एकाच कुटुंबाकडे आहे. आत काउंटर नाही, एका छोट्या खिडकीतून एलचा ग्लास हातात येतो. संगीत नाही, मोबाइलही चालत नाही, त्यामुळे लोक एकमेकांशी बोलतात. ‘कामरा’ या एलप्रेमींच्या संघटनेनं १९९० आणि २०१९ अशी दोनदा त्याला ब्रिटनमधला सर्वोत्तम पब ठरवलं. असे पब भराभर बंद होताहेत, म्हणून आपण मुद्दाम जायला हवं.
– रेडिंगचे काका

काका, बेत छान आहे. पण सासूबाई आल्या आहेत, त्या शाकाहारी. आमच्यातले निम्मे पीतही नाहीत. आम्ही तिथं काय करायचं? आणि एल म्हणजे बिअरच ना?
– स्लाउहून

अगं, त्यांना खुशाल घेऊन ये. गावातला पब म्हणजे चावडीच. नुसतं लिंबूपाणी घेऊन बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. चीज भरलेले गरम पाव मिळतात. मांसाहार करणाऱ्यांना हॅमचे आहेतच.

एल ही बिअरच, पण अशा पबातली खरी एल पिंपात भरल्यावरही तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं आणि ती तिथंच मुरते. वरून गॅस सोडत नाहीत, म्हणून फसफस कमी. तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवतात. बर्फगार केली की चव मरते. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं, म्हणजे गिऱ्हाईक नसेल तर चांगली एल टिकणारच नाही. १९७१ साली ‘कामरा’ निघाली ती याच एलसाठी.
– काका

काका, गावातलं सेंट मेरी चर्चही बघू या ना! द ला बेश घराण्याच्या नऊ दगडी मूर्ती आहेत तिथं, चौदाव्या शतकातल्या. त्यांना ‘ऑल्डवर्थचे राक्षस’ म्हणतात. मुलांना फार आवडतील.
– ऑक्सफर्डहून

उत्तम! आधी चर्च, मग पब. सोमवारी पब बंद असतो, म्हणून रविवार धरू. जागा लहान आहे, तेव्हा किती जण येणार ते कळवा. मी तिथं आधी फोन करून ठेवतो.
– काका