मिश्र दुहेरीचा तक्ता: १९३३ लिहू की १९३४? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या टेबल टेनिस क्लबच्या भिंतीवर जागतिक स्पर्धेतल्या मिश्र दुहेरीच्या जुन्या विजेत्यांचा तक्ता लावायचाय. हंगेरीच्या व्हिक्टर बार्नाची एकेरीची विजेतेपदं सगळ्यांना पाठ. मिश्र दुहेरीला कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम हीच घेतली. आणि अडलो.

हंगेरीची मारिया मेडन्यान्स्की १९२६ ला लंडनला आणि १९२८ ला स्टॉकहोमला मेक्लोविट्सबरोबर जिंकली, १९३० बर्लिन आणि १९३१ बुडापेस्ट साबाडोशबरोबर. इथवर ठीक. पुढे १९३३, ऑस्ट्रियातलं बाडेन, जोडीदार केलेन. मग पॅरिस, पुन्हा साबाडोश. पण हे साल एका यादीत १९३३, दुसरीत १९३४! दोन याद्या जुळवताना मी पॅरिस दोनदा मोजलं आणि बाईंची सात विजेतेपदं झाली.

दुसरी अडचण 'देश' या रकान्याची. १९३८ ला बेलाक हंगेरीचा, वेंडी वुडहेड इंग्लंडची. १९५२ ला आपल्या मुंबईत सिडो हंगेरीचा, तर अँजेलिका रोझेआनू रुमानियाची. काय लिहू? फ्लेक्सवाला शनिवारपर्यंतच थांबणार आहे.

प्रतिसाद:
सहाच. बाडेन फेब्रुवारी १९३३ मध्ये झालं, पॅरिस त्याच वर्षी डिसेंबरात. पण मोसम १९३३-३४ चा, म्हणून काहीजण १९३४ लावतात. लंडनचंही तेच, डिसेंबर १९२६; कुठे १९२७ दिसलं तर दचकू नका. सालापुढे महिना आणि गाव टाका, भांडण मिटलं.

देशाचा रकाना काढूनच टाका आणि प्रत्येक नावापुढे देश लिहा. देशादेशांच्या सांघिक स्पर्धेसाठी स्वेथलिंग कप (पुरुष) नि कॉर्बिलॉन कप (महिला) वेगळे होतेच. मिश्र दुहेरीत परक्या देशाचा जोडीदार चालायचा. १९५१ ला वाना (चेकोस्लोव्हाकिया)-रोझेआनू, १९५२ आणि १९५३ ला सिडो-रोझेआनू, १९५४ ला आंद्रेआदिस (चेकोस्लोव्हाकिया)-फार्काश (हंगेरी): सलग चार वर्षं दोन देशांच्या जोड्या! तक्त्यात हे ठळक करा.

धागाकर्ता:
अरे वा, हे डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं. रकाना काढला.

आता एकच. मुंबईच्या त्या स्पर्धेबद्दल कुणालाही विचारा, एकेरी जिंकलेल्या जपानच्या सातोची स्पंजची बॅट निघते. कुणाच्या आजी-आजोबांनी तिथली मिश्र दुहेरी पाहिली असेल तर त्यांना विचारून इथे लिहाल का? जुनं तिकीट किंवा फोटो असला तर फारच उत्तम.