अंगमेहनतीचं काम आणि कॅलरीचा हिशेब

माझा भाऊ मार्केट यार्डात गोणी उतरवतो, त्याच्या कॅलरी कशा मोजायच्या, असं एकाने विचारलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 65 किलोच्या पुरुषाची रोजची गरज बैठ्या कामाला 2110, मध्यम कामाला 2710 आणि जड कामाला 3470 किलोकॅलरी (बोलण्यातल्या 'कॅलरी' त्या याच) धरली आहे. निव्वळ कामामुळे तेराशेहून जास्त फरक! त्यामुळे वजन उतरवायला 'रोज बाराशे कॅलरीतच भागवा' हा सल्ला त्याला कृपया देऊ नका, माणूस गोणीखाली चक्कर येऊन पडेल.

कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये 'खूप सक्रिय' निवडलंत की काम त्यातच मोजलं गेलं. त्यावर पुन्हा स्मार्ट घड्याळाने दाखवलेला कॅलरीचा आकडा मिळवला, तर तेच श्रम दोनदा धरले जातात. घड्याळाला ओझ्याचं काम नीट कळतही नाही. हातगाडी ढकलताना हात हलत नाहीत, त्यामुळे पावलं मोजायची सुटतात. उलट एप्रिलच्या उन्हात नाडी नुसत्या उष्म्यानेही वाढते आणि घड्याळ त्यालाही श्रम समजू शकतं. आणि ट्रकची वाट बघण्यातले तास हे जड काम नव्हे.

माझ्या मते खात्रीचा मार्ग एकच: तीन आठवडे खाणं आणि वजन लिहून ठेवा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ 7700 किलोकॅलरी. तेवढ्यात अर्धा किलो उतरलं, तर तो खातो त्यापेक्षा रोज साधारण 180 जास्त जळतात. वजन मात्र सकाळी, कामावर निघण्याआधीच करा. कामाची पाळी संपल्यावर घामामुळे काटा कमी दाखवतो.