प्रति: उत्क्रांती मानली की बायबल खोटं ठरतं?

वर एकांनी लिहिलंय, उत्क्रांती मानणारा ख्रिस्ती स्वतःलाच फसवतो. मी ठाण्यातला कॅथलिक, त्यात शाळेत जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे हे माझ्यावरच आलं की!

वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहायचा, हे सांगितलं की पोरं हमखास चमकतात. विश्व प्रसरण पावतंय असं १९२७ साली मांडणारा लमेत्र तर चक्क धर्मगुरू. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांतात देवाने विश्व निर्माण केल्याचा दाखला पाहिला, तेव्हा ते लमेत्रलाच रुचलं नाही. मला हा माणूस आवडतो तो त्यासाठी.

इतिहासातही तेच, त्याला श्रद्धेचा पुरावा बनवू नये. येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमन सुभेदार पिलात, त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली इस्रायलमधल्या कैसरियात सापडला. त्यावरून पिलात होता एवढंच कळतं, येशूचं पुनरुत्थान सिद्ध होत नाही. आमच्यातलेच काहीजण तो दगड उगाच नाचवतात.

खरी अडचण आदाम-एवाची, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या जोडप्याची, ज्यांच्यापासून सगळी माणसं झाली म्हणतात. जनुकं सांगतात, आपले पूर्वज फक्त दोघे कधीच नव्हते, हजारोंनी होते. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने नेमकं हेच विचारलं. मी पुढच्या रविवारवर ढकललंय.