पर्जन्यमापक आणि हॅम (हौशी रेडिओ) अँटेना एकाच गच्चीवर ठेवावेत का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): गच्चीवर ४० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठीचा डायपोल (तारेचा अँटेना) असून त्याच्याच खांबापाशी स्वयंचलित हवामान केंद्र बसवले आहे. ऑक्टोबरअखेरच्या सीक्यू वर्ल्डवाइड या हौशी रेडिओ स्पर्धेत १०० वॅटवर बोलू लागताच, आभाळ निरभ्र असूनही पावसाची नोंद होते. काय करावे?

उत्तर १: पर्जन्यमापकातील झुलती वाटी ठरावीक पाणी भरताच कलंडते, तिच्यावरील चुंबक रीड स्विच (चुंबकाने जोडला जाणारा छोटा स्विच) क्षणभर जोडतो आणि तो स्पंद तारेतून यंत्राकडे जातो. आपले प्रक्षेपण त्याच तारेत शिरत असावे, त्यामुळे यंत्र त्यालाच पाऊस समजते. तार डायपोलला समांतर न नेता दूरून न्यावी आणि यंत्राच्या टोकाशी फेराइटच्या (रेडिओ लहरी अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाच्या) कड्यातून तिचे काही वेढे घ्यावेत.

उत्तर २: मुळात पर्जन्यमापक खांबापाशी नसावाच, अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर राखावे. शिवाय एक साधा हाती पर्जन्यमापकही ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचावा, म्हणजे हवामान खात्याच्या आकड्यांशी तुलना करता येते. मात्र त्यावरून पुराचा अंदाज बांधू नये, कारण राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते ती मुख्यतः गगनबावडा, राधानगरीकडील पावसाने. शहरात तेव्हा उघडीपही असू शकते.

उत्तर ३: वळवाच्या दिवसांत, गडगडाट ऐकू येण्यापूर्वीच अँटेनाची केबल रेडिओपासून सोडवून ठेवावी. विजांची खरखर रेडिओच्या ४० मीटर पट्ट्यावर आधीच ऐकू येते.