स्टेंट घातलाय, साखरेच्या गोळीत पायोग्लिटाझोन निघालं. चालू ठेवावं का?

कुळागरवाली (फोंडा)
बाबा 66 वर्षांचे, मधुमेह अठरा वर्षांपासून. गेल्या दिवाळीच्या आधी अँजिओप्लास्टी झाली, एक औषधी स्टेंट घातलाय. साखरेची गोळी त्याच्याही आधीपासून तीच चालू आहे. परवा सहज स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं मोबाईलवर मोठी करून वाचली. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन 15. एका गोळीत तीन औषधं, आणि आम्हाला पत्ताच नाही.
फार्मसीवाला म्हणाला, "ही बंदी आलेली." चुलतभावाने व्हॉट्सअॅपवर पाठवलं की हीच गोळी स्टेंट परत आवळू देत नाही. ते वाचल्यापासून बाबा तिला देवाचा अंगारा समजायला लागलेत. पण संध्याकाळी त्यांच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ दिसतो. कोणाला अनुभव? कोणाला विचारू, हृदयवाल्याला की साखरवाल्याला?

रापणकार
ताई, माझा अनुभव उलट्या बाजूचा. 2009 साली साधा स्टेंट घातला होता. आठव्या महिन्यात आल्तिनोचा चढ निम्म्यावर आलो की छाती आवळायची, थांबलो की सुटायची. मी महिनाभर गॅस समजून सोडा पीत बसलो. तपासणीत स्टेंटच्या आतच पुन्हा अरुंद झालेलं निघालं. तेव्हा साखर माझी कायम दोनशेच्या वर असायची, हेही कबूल करतो. बाबांना चढावर काय होतं ते आधी विचारा.

जुना औषधवाला (म्हापसा)
फार्मसीवाल्याचं अर्धं खरं. जून 2013 मध्ये सरकारने पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली होती, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून. जुलैअखेर ती उठवली, फक्त वेष्टनावर इशारा छापायची अट घातली. कायमची गेली ती तिची बहीण रोसिग्लिटाझोन, 2010 मध्ये.
चुलतभावाचंही अर्धं खरं. स्टेंटने शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, ती भरून येताना तिथल्या स्नायुपेशी वाढतात आणि वाट पुन्हा चिंचोळी होते. मधुमेहात ही वाढ जास्त. या जातीच्या गोळ्या ती वाढ रोखतात असं जपान, कोरिया, जर्मनीतल्या छोट्या अभ्यासांत दिसलं होतं. पण तो मुख्यतः साध्या धातूच्या स्टेंटचा काळ. आता स्टेंटवरच वाढ रोखणारं औषध लावलेलं असतं, बाबांच्या स्टेंटवरही आहेच. तेवढ्यासाठी ही गोळी धरून बसायचं कारण मला तरी दिसत नाही.
मला काळजी पायांची. ही गोळी अंगात मीठ-पाणी साठवते. हृदय कमजोर असेल तर ते साठलेलं पाणी छातीत चढतं. नडगीवर अंगठा दाबून बघा, खड्डा राहतो का? रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन चालू असेल तर तिनेही घोटे सुजतात, तेही सांगा.

हिरवळ
मधुनाशिनीचा काढा द्या. सगळ्या गोळ्या सुटतील.

जुना औषधवाला (म्हापसा)
काढा ज्याचा त्याने प्यावा, पण गुठळी होऊ न देणाऱ्या अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एक दिवसही स्वतःहून सोडायच्या नाहीत. चिंचोळं होणं सावकाश असतं, गुठळी मात्र तासाभरात खेळ संपवते. दात काढायचा झाला तरी आधी हृदयवाल्याला विचारा.

तिळारीकाठ
दोन्ही डॉक्टरांना एकच कागद दाखवा. माझ्या आईच्या वेळी एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीतच नव्हतं, सहा महिने. सुजेसाठी आधी हृदयवाला, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी काढून घ्या.

कुळागरवाली (फोंडा)
अपडेट. खड्डा पडत होता, वजन आठवड्यात अडीच किलो वाढलेलं. इकोत हृदयाचं पंपिंग कमी, 40 टक्के निघालं. हृदयवाल्याने पायोग्लिटाझोन त्याच दिवशी बंद केलं, साखरवाल्याशी फोनवर बोलून. मेटफॉर्मिन तसंच ठेवलं आणि डॅपाग्लिफ्लोझिन दिलं. ते साखर आणि पाणी लघवीवाटे काढतं, कमजोर हृदयालाही उपयोगी, म्हणाले. मात्र लघवीची जागा स्वच्छ ठेवायची, आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण तुटलं तर फोन करून गोळी थांबवायची. चतुर्थीच्या आदल्या दिवशीच्या उपवासाचं मी मुद्दाम विचारून घेतलं.
मग डॉक्टरांनी विचारलं, मीठ किती? आई गप्प. पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला खारा बांगडा पावसाळाभर रोज ताटात, पेजेबरोबर. गोळीने पाणी साठवलं, आम्ही वरून मीठ घातलं.
दहा दिवसांत वजन तीन किलो उतरलं, पट्ट्याचा वळ गेला. आईने उरलेला बांगडा शेजारच्या मावशीला देऊन टाकला. हल्ली सकाळी पेजेच्या वेळेला बाबा नेमके तिकडेच पेपर वाचायला जातात.