स्टेशनाजवळचं लॉज: तुमचे अनुभव लिहा

सांजवात
काल भाच्याचा फोन आला. "मावशी, मंत्रालयात काम आहे, सीएसएमटीजवळ राहायला बरं काय आहे?" आणि मला एकदम बाबांबरोबरचं पी. डिमेलो रोडवरचं लॉज आठवलं. महालक्ष्मीने सकाळी उतरायचं आणि सरळ तिथे. खोल्यांमधली प्लायवूडची पार्टिशनं छताला टेकलेलीच नव्हती. शेजारचे गृहस्थ घोरायचे ते आमच्याच कॉटवर घोरल्यासारखं. बाबा पैशांची पिशवी उशाखाली ठेवून त्यावर डोकं, आणि वर पँट खिळ्याला. मॅनेजर जाडजूड रजिस्टरात लिहून बजावायचा, "सातला आलात, उद्या सातला रिकामी." चोवीस तास म्हणजे चोवीस तास!
तुम्ही स्टेशनाजवळ राहताना काय बघता? बरेवाईट अनुभव, सगळं लिहा.

वऱ्हाडीण
ते चोवीस तास परत आणा कुणीतरी. विदर्भ एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास आणून सोडते आणि हॉटेलवाले म्हणतात चेक-इन दुपारी बारा. पाच तास लेकराला घेऊन कुठं बसू? आता आधी फोन करून विचारते, "सकाळी खोली द्याल का, जास्तीचे किती?" नाहीतर रिटायरिंग रूम. पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुक होते, तिकीट कन्फर्म किंवा आरएसी पाहिजे. वेटिंगवाल्यांनी नाद सोडा. बाकी रात्री लिहिते, कुकर झाला.

बोरीबंदरचा बाबू
पी. डिमेलो रोडला राहणार असाल तर १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने बाहेर पडा. लोकलच्या बाजूने आलात तर सगळं स्टेशन ओलांडा, बॅगा ओढत. आणि फोर्टात उतरायचं असेल तर सबवे. त्या सबवेत मुंबईत जन्मलेला माणूसही चुकीच्या जिन्याने वर येतो. महापालिकेच्या इमारतीसमोर निघायचं असतं आणि निघतो भलतीकडेच.

निशाचर
@बाबू 😂😂 अगदी! रोज.

गावचा पाटील
लॉज कसलं? आमच्याकडे मुंबईला जायचं म्हणजे आमदार निवास. साहेबांची चिठ्ठी घेतली की झालं. खोली दोघांची, झोपायला अख्खा तालुका. एकदा गॅलरीत सतरंजी टाकून पडलो, सकाळी बघतो तर पायाशी विरोधी पार्टीचा सरपंच! मनोरा आमदार निवास पाडल्यापासून ती मजा गेली.

निशाचर
पाटील, मग युती तिथेच झाली का?

गावचा पाटील
कॅन्टीनमध्ये झाली. बिल त्याने दिलं.

मृदुला_के
हसून घ्या, पण एकट्या बाईने खोली मागून बघा. परीक्षेला आले होते. काउंटरवरचा माणूस विचारतो, "बरोबर कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर खोली संपली. मागून एक कुटुंब आलं, त्यांना लगेच चावी. दुसरीकडे आधारवर ठाण्याचा पत्ता बघून "लोकल आयडी चालत नाही". शेवटी दादरला मैत्रिणीच्या मामीकडे. तेव्हापासून फोनवर आधीच स्पष्ट सांगते: एकटी आहे, पत्ता ठाण्याचा आहे, चालेल तर बोला.

वऱ्हाडीण
@मृदुला 😡 संताप येतो ग.

आबासाहेब
पेशंट घेऊन येणाऱ्यांसाठी लिहितो. टाटा हॉस्पिटल परळला आहे, सीएसएमटीला राहून उपयोग नाही. केमो झालेल्या माणसाला टॅक्सीतले धक्केही सोसत नाहीत. गाडी दादरला थांबत असेल तर तिथेच उतरा. दादर पूर्वेला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, बाहेरगावच्या कॅन्सर पेशंटसाठी. पण जागा कायम भरलेली, आधी चौकशी करून निघा. भावासाठी आम्ही तिथे होतो.

सांजवात
आबासाहेब, भाऊ कसे आहेत आता?

आबासाहेब
ठणठणीत. पथ्याचं नाव काढलं की उठून जातो, मटण मागतो.

कोकणी माणूस
दादरला प्लॅटफॉर्मचे नंबर २०२३च्या डिसेंबरात बदललेत हां, आता सलग १ ते १४. जुने लोक अजून "सेंट्रलचा एक नंबर" सांगतात.
आणि खोली घेण्याआधी परतीच्या तिकिटावरचं स्टेशन वाचा. आमच्या वहिनींनी मुंबई सेंट्रलजवळ झकास खोली घेतली, गाडी एलटीटीहून, म्हणजे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून. पहाटे कुर्ल्याला जायला टॅक्सी, त्यात नवऱ्याशी भांडण. मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी एकच समजणारे तर दर घरात एक.

निशाचर
मुंबई सेंट्रलला ते झोपण्यापुरत्या कप्प्यांचं पॉड हॉटेल आहे ना, २०२१ मध्ये सुरू झालेलं? कोणी झोपलंय का तिथे?

कोकणी माणूस
मी. स्वच्छ, एसी, चार्जिंग. पण उंच माणसाने आणि घोरणाऱ्याने जाऊ नये. मी दोन्ही आहे.

बोरीबंदरचा बाबू
खोली कशीही असो, स्टेशनसमोर आरामचा वडापाव आणि पंचमची पुरी-भाजी आहे तोवर हरकत नाही.

गावचा पाटील
वडापाव आमच्या तालुक्याच्या स्टँडवरचा. या कधी.

मृदुला_के
विषयांतर, पण क्लोक रूमला बॅगेला कुलूप लागतंच का? उद्या रात्रीची गाडी आहे, दिवसभर फिरायचंय.

बोरीबंदरचा बाबू
लागतंच, कुलपाशिवाय घेत नाहीत. नसेल तर घरूनच घेऊन निघा. तिकीटही जवळ ठेवा.