प्रतिसाद: केळीबागेच्या कडेला सायबेरियन एल्म

रावेरच्या केळीबागेला वारा प्रतिबंधक कुंपण म्हणून सायबेरियन एल्म लावावा का, असं भाऊंनी विचारलंय. माझं मत, नको.

झाड काटक आहे यात शंका नाही. मंगोलिया, उत्तर चीन, कोरियाकडचं. कडक थंडी, पाण्याची ओढ, हलकी जमीन सगळं सोसतं, वाढतंही झपाट्याने. १९३० च्या दशकात अमेरिकेत धुळीच्या वादळांपुढे त्याच्या रांगा लावल्या गेल्या. पण लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, आणि बी उडून इतकं पसरलं की तिथे आज ते उपद्रवी मानलं जातं. शिवाय त्याला गोठवणारा हिवाळा सवयीचा, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

त्याचा खाण्यातला उपयोग मात्र मला फार आवडतो. उत्तर चीनमध्ये कोवळी पंखवाली फळं पिठात घोळवून वाफवतात. आतल्या सालीची पूड ज्वारी-मक्याच्या पिठात घालतात, म्हणजे शेवया तुटत नाहीत. आपल्या कळण्याच्या भाकरीत उडीद करतो तेच काम!

त्याच कुळातला वावळ आपल्या सातपुड्यात आहेच. पाला गुरं खातात, चपट्या पंखांतलं बी पोरं सोलून खातात. एप्रिल-मेमध्ये बी गळालं की लगेच गोळा करून पिशव्यांत लावा, ठेवून दिलं तर उगवण घटते. वावळ मोठा होतो, म्हणून केळीपासून लांब, शेताच्या पश्चिम बांधावर लावा. तो वाढेपर्यंत बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवत लागेलच.